माहेरी आलेली साबणदाणी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटलेलं वाण पुढे जातं कुठे, हे मुंबईतल्या कुठल्याही बाईला विचारा. ते माळ्यावर जातं. प्लास्टिकच्या वाट्या, चिमुकल्या ट्रे, कंगवे ठेवायचे डबे असं सगळं एका खोक्यात वर्षभर पडून राहतं आणि पुढच्या जानेवारीत दुसऱ्या कुणाच्या तरी घरी निघतं. हे सगळ्याजणी करतात आणि एकही कबूल करत नाही. यात पाळायचा नियम एकच. ज्या घरून वस्तू आली, त्या घरी ती परत जाता कामा नये.

तो नियम मी मोडला.

आमची इमारत मुलुंड पूर्वेला, चार मजली, लिफ्ट नसलेली. त्या वर्षी नवऱ्याची नोकरी गेली होती आणि तो पवईतल्या एका ऑफिसात निम्म्या पगारावर कंत्राटी लागला होता. वाणाला पैसे नव्हते, म्हणून मी माळ्यावरचं खोकं खाली काढलं. कोणती वस्तू कुणाकडून आली याच्या चिठ्ठ्या मी प्रत्येकीला चिकटवून ठेवल्या होत्या, पण चिकटपट्टी वाळून सगळ्या चिठ्ठ्या खोक्याच्या तळाशी जमल्या होत्या. मी अंदाजाने वाटणी केली. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींच्या हातात गुलाबी साबणदाणी पडली.

त्यांनी ती उलटी केली. किमतीचं स्टिकर खरवडताना अर्धं तिथेच राहिलं होतं. ते त्यांनीच खरवडलं होतं.

"अगं, ही तर माझीच," त्या म्हणाल्या. "माहेरपणाला आली वाटतं."

खोलीभर बायका हसल्या. मी पण हसले, दुसरं काय करणार. पण मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाताना वहिनी साबणदाणी मुद्दाम माझ्या टीपॉयवर ठेवून गेल्या. पुढे वर्षभर इमारतीत काहीही परत आलं, इस्त्रीवाल्याने चुकून दुसरीकडे दिलेली चादर परत आणली की कुणाची छत्री सापडली की, कोणीतरी म्हणायचंच, "माहेरी आली गं." मला ते प्रत्येक वेळी झोंबायचं. मी काही फार मोठ्या मनाची बाई नाही.

पुढची संक्रांत जवळ आली तेव्हाही पगार निम्माच होता. नवरा म्हणाला, "यंदा राहू दे ना हळदीकुंकू. कोण विचारतंय?"

"कोणी विचारणार नाही, तेच तर," मी म्हटलं. यंदा केलं नसतं तर माझ्या घरचं शेवटचं वाण म्हणून त्या सगळ्यांच्या लक्षात ती साबणदाणीच राहिली असती. मला ती पुसून टाकायची होती, आणि तीही जवळजवळ फुकटात.

वाट दाखवली ती मावशींनी. मावशी म्हणजे इमारतीत भांडी घासणाऱ्या, मूळच्या मालवणकडच्या. पैसे पुरेनात म्हणून मी त्यांचं काम बंद केलं होतं, पण दोन घरांच्या मधल्या दहा मिनिटांत चहाला त्या माझ्याकडेच यायच्या. कपातला शेवटचा घोट मात्र कायम तसाच सोडायच्या. त्या दिवशी त्या वैतागल्या होत्या.

"पयल्या माळ्यावरचो लायटर मेलो हा. काड्या वडून वडून बोटां जळली त्यांची. आणि चवथ्यावरचो कुकर शिटीच मारणा नाय. ती बाय रिंग नळाखाली धरता, फ्रीजात ठेवता, उलटी घालता. डाळ कच्ची ती कच्चीच."

हे मला अर्धं ठाऊक होतं. आमच्या सगळ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या मधल्या पोकळीत उघडतात, त्यामुळे कुणाचा कुकर किती शिट्ट्या करतो हे मी घरबसल्या सांगू शकते. चौथ्या मजल्यावरून कित्येक महिने नुसतं फुसफुस ऐकू येत होतं. पण कुकरच्या रिंगेसाठी म्हणून कुणी मुद्दाम बाजारात जात नाही. माळ्यावर पाच साबणदाण्या असतात आणि ओट्यावर मेलेला लायटर असतो, ही आपल्या घरांची तऱ्हा.

मी म्हटलं, "मावशी, बसा. कुणाकडे काय मोडलंय ते एकेक घर धरून सांगा."

मावशींना हे काम भांड्यांपेक्षा जास्त आवडलं. कुणाच्या कढईचा कान तुटला होता, कुणाच्या किसणीची धार गेली होती, कुणाच्या मिक्सरच्या झाकणाचा रबर हरवला होता. रिंगांचं माप हवं होतं, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जुनी परकराची नाडी आणली. तिला तीन गाठी. टोकापासून एकेका गाठीपर्यंतची नाडी म्हणजे एकेका घरच्या कुकराचा घेर.

अडचण एकच होती. वाण सगळ्यांना सारखं द्यायचं असतं. सासूबाईंनी गावाहून फोनवर बजावलं, "एकीला एक, दुसरीला दुसरं, असं करू नकोस हो. डावं-उजवं केल्यासारखं दिसतं." ती धास्ती मलाही होतीच. एकदा हसं झालं होतं, दुसऱ्यांदा भांडण झालं असतं. तरी मी नाडी पर्समध्ये टाकली आणि स्टेशनजवळच्या भांडीवाल्याकडे गेले. त्याने नाडी गाठींपर्यंत मोजली, माझ्याकडे बघितलं आणि रिंगा काढून दिल्या. सगळी खरेदी मिळून एका मोठ्या पिझ्झ्याहून स्वस्तात आटोपली.

मावशींच्या घरात काय हवंय, हे सांगणारं मात्र कोणी नव्हतं. म्हणून त्यांनाच विचारलं.

"साबणदाणी सोडून काय पण द्या," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे सात आसत." मग हळूच म्हणाल्या, सांडशी नाही, पदरानेच पातेलं उतरवते. मी चांगली जाड सांडशी घेतली.

हळदीकुंकवाच्या दिवशी जुन्या कॅलेंडरच्या पानांत सगळ्या वस्तू गुंडाळल्या आणि पुड्यांवर घरांचे नंबर घातले. मावशींना सोफ्यावर बसवून पहिलं कुंकू त्यांना लावलं. त्या अवघडून बसल्या, पण बसल्या.

खरं तर वाण तिथल्या तिथे कुणी उघडत नाही. पण पहिल्या मजल्यावरच्या वहिनींना कॅलेंडरमधून लायटरचा आकार दिसला. त्यांनी पुडी फाडली, लायटर एकदा दाबून पाहिला, आणि मग परत परत दाबत राहिल्या. शेजारची म्हणाली, "तुला लायटर? मला काय?" पाच मिनिटांत माझ्या खोलीत कॅलेंडरच्या पानांचा खच पडला. कढईचे कान, किसण्या आणि रबर या हातातून त्या हातात फिरत होते. प्रत्येक पुडी उघडली की मावशी डोळे विस्फारून बघायच्या, जणू ती वस्तू त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

मग कोणीतरी म्हणालंच, "पण वाण असं वेगवेगळं कसं?"

तिळगुळाचं ताट घेऊन मी तिथेच थांबले. तळमजल्यावरच्या काकू नव्या किसणीवरून बोट फिरवत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मग काय सगळ्यांना एकाच नंबरचा चष्मा द्यायचा?"

विषय तिथेच संपला. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी सगळ्यात शेवटी आल्या. त्यांची साबणदाणी वर्षभर माझ्या शोकेसमध्ये होती. खोटं कशाला बोलू, तीच पुन्हा त्यांच्या हातात ठेवावी असं मनात आलं, आणि क्षणभर फार गोड वाटलं. पण मी पुडी दिली. त्यांनी उघडली, रिंग बोटांत धरून ताणून पाहिली.

"हीच साईझ. तुला कसं कळलं गं?"

मावशी छताकडे बघत होत्या.

"डक्टमधून ऐकू येतं ना, वहिनी," मी म्हटलं. "वर्षभर डाळ कच्ची खाताय."

बायका हसल्या. या वेळी मी मनापासून हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डक्टमधून चौथ्या मजल्याची शिट्टी आली, लांब आणि खणखणीत. पाठोपाठ आवाज आला, "ऐकलंस का गं?"

"ऐकलं," मी खिडकीतून ओरडले. एका कुकराच्या शिट्टीचा कुणाला इतका आनंद झाला असेल, असं वाटत नाही.

रथसप्तमीला वहिनींकडे हळदीकुंकू होतं. सगळ्यांना एकसारख्या स्टीलच्या डब्या दिल्या. मला डबीबरोबर एक वेगळी पुडी दिली, कॅलेंडरच्या पानातली. आत चहाची गाळणी होती, बारीक जाळीची.

माझ्या गाळणीला भोक पडून सहा महिने झाले होते. हे बाहेरच्या एकाच माणसाला ठाऊक होतं. आधी मला मावशींचा राग आला, आपली गरिबी चौथ्या मजल्यावर जाऊन पोचली म्हणून. मग आठवलं, मी तरी दुसरं काय केलं होतं?

"ही माहेरी पाठवायची नाही हं," वहिनी म्हणाल्या.

"नाही पाठवणार," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मावशी चहाला आल्या. नव्या गाळणीतून चहा गाळून मी कप पुढे केला. शेवटच्या घोटाशी त्या थांबल्या, कपात वाकून पाहिलं, तळाशी चहाचा चोथा नव्हता, तोही घोट घेतला आणि कप विसळून ओट्यावर पालथा घातला.