विशालाक्षीअक्काचे मूळ कागद

आमच्या विशालाक्षीअक्काचा कोणावरही विश्वास नाही. माझ्यावरही नाही, आणि मी तिचा सख्खा धाकटा भाऊ, सतीशकुमार. सरकारी इस्पितळात तिनं छत्तीस वर्षं नर्स म्हणून काढली. ऑपरेशनच्या सकाळी पेशंट म्हणाला, "काही खाल्लं नाही," की अक्का आधी त्याची उशी उचलायची. दहापैकी तीन वेळा खाली इडलीचा पुडा निघायचा. उरलेल्या सातांना ती तोंड उघडायला लावायची.

निवृत्त झाल्यावर अशा बाईनं घरात बसून सुनेवर संशय घ्यावा, तर तिनं खेड्यातल्या शाळा धरल्या. बारावीच्या मुलांना जाऊन सांगायचं की दवाखाना म्हणजे फक्त डॉक्टर नव्हे. नर्स लागते, एक्स-रे काढणारा लागतो, रक्त तपासणारा लागतो, आणि हे सगळं सरकारी कॉलेजात शिकता येतं. मी प्रयोगशाळेतला टेक्निशियन, म्हणून मला ती नमुना म्हणून नेते. आयुष्यभर दुसऱ्यांचे नमुने तपासले, आता मीच नमुना! गाडीही माझीच. प्रत्येक शाळेतून ती तीनच मुलं निवडते. त्यांना घरी बोलावून स्वतः अर्ज भरते आणि प्रवेश मिळेपर्यंत त्यांचा पिच्छा सोडत नाही.

गावंही आमच्याकडे संशयानंच बघतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. निकाल लागला की कावेरीकाठच्या गावागावांत एजंट फिरू लागतात. परराज्यातल्या कुठल्याशा नर्सिंग कॉलेजाचं रंगीत पत्रक हातात, जिभेवर साखर. ते मुलीची मूळ मार्कशीट आणि शाळेचा दाखला घेऊन जातात, आणि मग कागद अडकले म्हणजे मुलगी अडकली. त्यामुळे आमच्या गाडीचं दार उघडलं की आयाबाया आधी पिशव्या छातीशी धरतात.

यात आमची एक जुनी खोड भर घालते. आम्ही तंजावरची मराठी माणसं घरात मराठी बोलतो, बाहेर तमिळ. पण बाहेर कोणाबद्दल गुपचूप बोलायचं असलं तर त्याच्या तोंडावर मराठी. साडीच्या दुकानात, बसमध्ये, मुलगी बघायला गेलो तरी तेच. तीनशे वर्षं ही भाषा तुम्ही कशासाठी जपली, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर बहुधा हेच द्यावं लागेल.

एका वर्षी जूनमध्ये आम्ही तंजावरजवळच्या ओरत्तनाडुच्या पुढच्या एका शाळेत गेलो. मुद्दाम मार्कशीट वाटायचा दिवस धरला होता. मुलं, आईबाप, आज्या, सगळी जमलेली, आणि फाटकाशी दोन एजंट. अक्कानं त्यांच्याकडे असं पाहिलं की एक जण पत्रकं घेऊन चिंचेच्या झाडामागे गेला. अर्ज भरायला आठ दिवस उरले होते.

मुख्याध्यापक आल्याआल्याच म्हणाले, "बाई, आमच्या कीर्तनाला घ्याच. फार हुशार आहे." झालं! कोणाची शिफारस आली की अक्काचं मन तिथंच विटतं. "हिचा नि ह्यांचा काय संबंध म्हणून पाहायला पाहिजे," ती माझ्या कानात पुटपुटली.

मुलांना पारखायची तिची एक रीत आहे. दोघादोघांनी एकमेकांची नाडी धरायची आणि मिनिटभर मोजून आकडा सांगायचा. बहुतेक मुलं "बहात्तर" म्हणतात, कारण पुस्तकात बहात्तर लिहिलेलं असतं. बहात्तर म्हणणाऱ्याला अक्का मनातल्या मनात खोडते. त्या दिवशी वर्गात अठरा बहात्तर निघाले. कीर्तना जोडीतल्या मुलाचं मनगट धरून म्हणाली, "शहाण्णव. त्याचे वडील बाहेर उभे आहेत आणि त्याचे मार्क कमी आहेत, म्हणून."

मला तर टाळी वाजवावीशी वाटली. अक्काचे डोळे मात्र बारीक झाले. मुलगी समोर उभी होती, त्या मुलाचं मनगट अजून तिच्या हातात होतं, आणि अक्का मराठीत मला म्हणाली, "पढवून आणलेली आहे. कानांतलें पाहिलास? नवें घातलेत. लग्न ठरलेलें असणार. हिच्यावर जागा घालवूं नको."

आणि मी शहाण्यानं मान डोलावली.

कीर्तनानं मुलाचा हात सोडला आणि ती जाऊन शेवटच्या बाकावर बसली. थोड्या वेळानं तिथंही दिसली नाही. आम्ही दुसरी तीन मुलं निवडली, चहा घेतला आणि निघालो.

फाटकात एक वाळकीशी म्हातारी छत्री आडवी धरून उभी होती. तिच्यामागे कीर्तना, आणि तिचा बाप मुरली, भातकापणीच्या यंत्रावरचा ड्रायव्हर. म्हातारीनं विचारलं, "कोठले तुम्ही?"

मराठीत! अशा आडगावात आपली भाषा ऐकून मी वेड्यासारखा खूश झालो. "तंजावर, मेलवीथी. आणि तुम्ही?"

"मी ताराबाई. ही माझी नात. ती मराठी बोलत नाही, पण सगळें समजतें तिज." त्या अक्काकडे वळल्या. "कानांतलें माझें आहे. आज मार्कशीट मिळते म्हणून मीच घातलें. लग्न ठरलें म्हणून कोण सांगितलें तुम्हांस? आणि नाडी पाहायला तिज कोणी पढवलें नाही. दर बुधवारीं गांवच्या नर्सबाईजवळ लस टोचायला जाऊन बसते."

छत्तीस वर्षांत अक्कावर डॉक्टर ओरडले, पेशंटचे नातेवाईक अंगावर आले, तिची मान खाली गेली नव्हती. त्या दिवशी गेली. "माझें चुकलें," ती म्हणाली. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण मान मी डोलावली होती.

मग अक्का सरळ कीर्तनाशी बोलली, या वेळी तमिळमध्ये. "तू चौथी. मूळ कागद घेऊन उद्या माझ्या घरी ये. ते स्कॅन करून अर्ज भरू. नंतर तपासणीला चेन्नैला तेच लागतील, तोवर माझ्या कपाटात राहतील."

ताराबाई हसल्या, पण ते हसणं चांगलं नव्हतं. त्यांच्या शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीचे कागद एजंटानं असेच गोड बोलून नेले होते. कॉलेज धड निघालं नाही, मुलगी महिन्यात परत आली आणि कागद यायला वर्ष लागलं. ती आता कुंभकोणमला कापडाच्या दुकानात दिवसभर उभी असते. "तोंडासमोर एक, आपल्या भाषेंत एक, अशा माणसांजवळ पोरीचे कागद देऊं?"

मी खिशातून प्रयोगशाळेचं ओळखपत्र काढलं. ताराबाई म्हणाल्या, "कार्ड कोणीही छापतो." त्यांच्या जागी अक्का असती तर हेच म्हणाली असती. मी मुरलीकडे पाहिलं. तो म्हणाला, "आई म्हणेल तसं." कीर्तना मार्कशीट घातलेलं प्लास्टिकचं पाकीट दोन्ही हातांनी धरून अक्काकडे बघत होती.

शेवटी ताराबाईंनीच तोड काढली. "हिचे कागद तुमच्या घरीं. तुमचे कागद माझ्या घरीं. मूळ."

गाडीत मी चिडलो. अक्काचं नर्स म्हणून नोंदणीचं सर्टिफिकेट म्हणजे काय चीज आहे ते मला माहीत होतं. झेरॉक्स काढतानाही ती कागद दुसऱ्याच्या हातात देत नसे, स्वतः काचेवर ठेवायची. मी म्हटलं, "अक्का, झेरॉक्स नेऊन देऊं. म्हातारीस काय कळतें?"

"तिनें झेरॉक्स दिली असती तर मी घेतलों असतों का?" अक्का म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पुन्हा तिकडे गाडी न्यावी लागली. अक्कानं सर्टिफिकेट पाकिटात घालून ताराबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते पत्र्याच्या ट्रंकेत साडीखाली ठेवलं, कुलूप लावलं आणि मग कीर्तनाला म्हणाल्या, "जा."

अर्ज वेळेत गेला. पुढचे तीन महिने अक्काला झोप नव्हती. प्रवेशाच्या यादीत कीर्तनाचं नाव कुठं येतंय याची धास्ती एकीकडे, ट्रंकेत उंदीर तर नाहीत ना ही दुसरीकडे. चेन्नैला कागदांच्या तपासणीच्या वेळी तिनं पाकीट स्वतःच्या मांडीवर ठेवलं होतं. कीर्तनाला तंजावरजवळच सरकारी नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली. वेड्यासारखे पेढे वाटले मी.

कीर्तना हॉस्टेलवर गेली, त्याच आठवड्यात ताराबाई बसनं आमच्याकडे आल्या. पाणीही न पिता त्यांनी पिशवीतून अक्काच्या सर्टिफिकेटचं पाकीट काढलं. "पाहून घ्या."

अक्कानं ते पाकीट तसंच कपाटात ठेवलं.

"न पाहतां ठेवलांत?" ताराबाई रागावल्या. "मी आंत दुसरेंच काय घातलों असेन तर?"

"असूं दे," अक्का म्हणाली.

ताराबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पिशवीत पुन्हा हात घातला आणि प्लास्टिकचं पाकीट काढलं. कीर्तनाची मार्कशीट, दाखला, जातीचा दाखला, सगळं मूळ.

"कॉलेजांत पाहून परत दिलेत. हॉस्टेलांत पोर हरवेल, माझ्या घरीं पावसांत गळतें," त्या म्हणाल्या. "चार वर्षें तुमच्याजवळच असूं दे."

अक्कानं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाटात आपल्या सर्टिफिकेटच्या पाकिटावर ठेवलं.