कंपनीच्या फ्लॅटमधला अबोला

भांडण कशाला म्हणतात, हे मला लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर बहारीनमध्ये एका इंग्रजाने आणि एका चिनी माणसाने मिळून समजावून दिलं. तोपर्यंत मी आणि माझी बायको विजया आपल्या अडाणी पद्धतीने भांडत होतो, आणि आमचं उत्तम चाललं होतं.

नव्वदीची वर्षं होती. मी एका कंपनीत अकाउंटंट होतो आणि कंपनीने आम्हाला गुदैबिया नावाच्या साध्या वस्तीत फॅमिली फ्लॅट दिला होता. आमच्या डोक्यावर हॅरिस नावाचा इंग्रज राहायचा. (इंग्रज असून गुदैबियात राहतो म्हणजे व्हिला मिळण्याइतका मोठा साहेब तो नव्हता, पण हे त्याला कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं.) समोरच्या दारात लिम होता, मलेशियाचा चिनी इंजिनियर, एकटाच राहायचा. आणि आमच्या घरात मी, विजया आणि आठ वर्षांची केतकी. केतकीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. तिच्या शाळेच्या फीमध्ये ते धरलेलं होतं.

विजया कोल्हापूरची. दर शुक्रवारी सकाळी ती माहेरी फोन लावायची. कोल्हापूर समुद्रापलीकडे आहे हे ती एक क्षणही विसरत नसे, त्यामुळे तिचा आवाज समुद्र ओलांडेल अशा बेताने निघायचा. ज्या शुक्रवारची ही गोष्ट, त्या दिवशी तिच्या वडिलांची म्हैस कुणीतरी पडत्या भावात मागायला आला होता. विजया एका खांद्यावर फोन धरून जमिनीवर खलबत्त्यात लसणाची चटणी कुटत होती आणि सल्ला देत होती, "हाकला त्याला! दारात उभं करू नका! आण्णा, तुमी असंच सोसत बसता बघा!" प्रत्येक वाक्यामागे एक दणका. गॅसवर मिरच्या भाजत होत्या. त्या ठसक्याने केतकीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि मी रुमालाने डोळे पुसत गॅलरीत पळालो होतो. घरात अतिशय आनंदाचं वातावरण होतं.

वरून हॅरिसला काय दिसलं? बाई ओरडतेय, काहीतरी आपटतेय, पोर रडतंय, आणि नवरा रडत बाहेर आलाय. दुसऱ्याच दिवशी त्याने ऑफिसात तक्रार केली.

लगेच मला बोलावणं आलं ते पर्सोनेल ऑफिसर अब्दुल्लासाहेबांकडून. भला बहारिनी माणूस, पण नियमाचा पक्का. म्हणाले, "मिस्टर हॅरिस म्हणतात तुमच्याकडे डोमेस्टिक ऑल्टरकेशन चालतं." मी गंभीर चेहरा करून मान हलवली, कारण ऑल्टरकेशन म्हणजे कपडे अल्टर करण्यातला काहीतरी प्रकार असावा असा माझा समज होता. मग डिक्शनरी पाहिली. भांडण! इंग्रजांकडे भांडणाला टिफ, स्पॅट, स्क्वॉबल, रो असे ढीगभर शब्द आहेत, चहाबरोबरच्या बिस्किटांसारखे लहान लहान. एवढे शब्द पाळून ठेवायचे, आणि वेळ आली की खाली येऊन दार वाजवायची हिंमत नाही.

अब्दुल्लासाहेबांनी पुढचं स्पष्ट सांगितलं. फॅमिली बिल्डिंगमध्ये भांडणं चालत नाहीत. गुरुवारी संध्याकाळी ते स्वतः घरी येऊन पाहणार. तक्रार खरी निघाली तर फ्लॅट गेला. बायको-मुलगी कोल्हापूरला आणि मी बॅचलर क्वार्टर्समध्ये, एका खोलीत चौघांबरोबर.

शहाण्या नवऱ्याने घरी येऊन हॅरिसला शिव्या घातल्या असत्या. मी विजयाला म्हणालो, "तू जरा हळू बोलत जा."

"म्हंजे?"

"म्हणजे आवाज कमी कर. लोक भांडण समजतात."

"मी कवा भांडलो ओ? म्हशीचं बोलत होतो." (कोल्हापूरच्या बायका स्वतःला 'गेलो, आलो' म्हणतात. समोरच्याला आपला पुरुषार्थ दाखवायची गरज उरत नाही.)

"तेच जरा सभ्य माणसासारखं बोल."

हा 'सभ्य' शब्द मला नडला. विजयाने माझ्याकडे एकदा पाहिलं, ओठ मिटले आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आमच्या घरात खरं भांडण सुरू झालं ते इथून.

हे हॅरिसला कोण समजावणार? आमच्याकडे आवाज म्हणजे सगळं ठीक आहे. भांडण म्हणजे अबोला. एरवी अबोल्यात निदान भांडी आदळतात, तेवढी तरी जाग असते. विजयाने या वेळी भांडीसुद्धा टॉवेलवर ठेवायला सुरुवात केली. पोळी लाटताना बांगड्या वाजू नयेत म्हणून त्या कोपरापर्यंत चढवल्या. कुकरची शिट्टी वाजण्याआधीच ती गॅस बंद करायची. आम्ही आठवडाभर कच्ची डाळ अतिशय सभ्यपणे चावत होतो.

निरोपांचं काम केतकीकडे आलं.

"केतकी, सांग तुझ्या बाबांना, भात संपलाय."

"बाबा, नो राईस."

"सांग आईला, बाबांना भूकच नाहीये."

"आई, ही इज लायिंग."

मध्येच हॅरिस जिन्यात भेटला. माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला की या आठवड्यात किती छान शांतता आहे, तुमचं सगळं मिटलेलं दिसतंय, मला फार आनंद झाला. मी त्याचे आभार मानले. दुसरं काय करणार? शनिवारपासून बायको माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती, आणि हा माणूस माझं अभिनंदन करत होता.

गुरुवारी संध्याकाळी अब्दुल्लासाहेब आले. साक्षीदार म्हणून हॅरिसही आला, टाय लावून. वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर यायला टाय! घर इतकं शांत होतं की फ्रीजची घरघर ऐकू येत होती. मी छाती फुगवून म्हणालो, "सर, हे आमचं नेहमीचं वातावरण."

अब्दुल्लासाहेब खूश झाले. विजयाने चहा आणला. त्यांना दिला, हॅरिसला दिला, आणि माझा कप केतकीच्या हातात ठेवून परत गेली. पाहुण्यांच्या काही लक्षात आलं नाही. आणखी दोन मिनिटं, की फ्लॅट माझा होता.

तेवढ्यात बेल वाजली. दारात लिम. हातात किटली आणि ट्रेमध्ये इवल्याशा वाट्या.

"सॉरी," तो माझ्याकडे फार दयेने पाहत म्हणाला. "रोज मी तुमच्या मिसेसचा आवाज ऐकतो, मला माझ्या आईच्या घरची आठवण येते. या आठवड्यात काहीच आवाज नाही. म्हणजे तुमचं मोठं भांडण झालंय. म्हणून मी चहा आणला."

खोलीत सगळ्यांनी कप खाली ठेवले.

मी त्याला डोळे वटारून गप्प करायचा प्रयत्न केला, पण या चांगल्या माणसांना नेमके डोळे वाचता येत नाहीत. तो बसला आणि अब्दुल्लासाहेबांना समजावू लागला. चिनी भाषेत साध्या कुरबुरीला 'बान-झुई' म्हणतात, तोंडं एकमेकांत कालवणं. (तोंडं म्हणजे काय दहीभात आहे?) ती रोज करावी, प्रकृतीला बरी. 'फान-ल्येन' म्हणजे चेहराच पालटून टाकणं, ते जरा गंभीर. आणि नवरा-बायको बोलेनासे झाले की त्याला म्हणतात 'लंग-जान', थंड युद्ध. सगळ्यांत वाईट तेच.

हॅरिसला राहवेना. त्याने सांगितलं की याला इंग्रजीत 'सायलेंट ट्रीटमेंट' म्हणतात. अब्दुल्लासाहेब म्हणाले, अरबीत अशा रुसलेल्या माणसाला 'झालान' म्हणतात, त्यांची धाकटी बहीण अशीच आहे. तिघंही पुढे सरकून बसले. माझा संसार समोर मांडलेला, आणि हे तिन्ही विद्वान त्याला नावं ठेवण्यात रंगले होते!

शेवटी अब्दुल्लासाहेबांनी हिशोब केला. "म्हणजे गेल्या शुक्रवारी भांडण नव्हतं, आज भांडण आहे. आणि भांडणाला या बिल्डिंगमध्ये परवानगी नाही."

माझ्या डोळ्यांपुढे बॅचलर क्वार्टर्स उभे राहिले. लिम हळूच म्हणाला, "आमच्याकडे ज्याची चूक असते तो चहा ओततो. दोन्ही हातांनी वाटी देतो. मग खलास."

मी वाटी भरली, दोन्ही हातांत धरली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या विजयापुढे गेलो. पाहुण्यांना कळावं म्हणून इंग्रजीत म्हणालो, "सॉरी."

विजया भिंतीकडे बघत म्हणाली, "केतकी, सांग त्यांना, सॉरी हापिसात म्हणायचं."

केतकीने खणखणीत आवाजात सगळ्या खोलीला भाषांतर करून सांगितलं. आणि मग हॅरिसने, देव त्याचं भलं करो, तोंड उघडलं. तो अब्दुल्लासाहेबांना म्हणाला, "बिचारी बाई. मला वाटतं तिला आईवडिलांकडे पाठवलेलंच बरं."

विजयाला इंग्रजी बेताचंच येत असे. पण आपल्याला माहेरी पाठवायची भाषा कुठल्याही भाषेत केली तरी बायकोला समजते.

"कोण पाठवतंय रं मला?" ती म्हणाली, आणि आठवडाभर तुंबलेलं सगळं एकदम सुटलं. ती आत गेली, खलबत्ता घेऊन आली, हॅरिसच्या पायाशी दणकन ठेवला आणि मराठी, हिंदी, इंग्रजी हाती लागेल ते फेकत सुटली. "यू! ये सुना था तुम? ये भांडण नही, ये चटणी! घ्या, वास घ्या!" तिने चटणी कुटून त्याच्या नाकापुढे धरली. हॅरिस शिंकला, लाल झाला, आणि टायने डोळे पुसत गॅलरीत गेला.

मी हसलो. ते चुकलंच.

"आणि तुमी काय हसताय ओ? तुमी सभ्य! घरच्या बाईला हळू बोल म्हणायचं आणि त्या टायवाल्याम्होरं शेपूट हलवायची! चार लोकांत मला गप बसवता? एवढीच लाज वाटती तर मग आणली कशाला मला? मी काय फर्निचर हाय व्हय कंपनीचं?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते चटणीमुळे नव्हतं. मला एकाएकी इतकं मोकळं वाटलं की मी दोन्ही हातांतली वाटी तशीच धरून उभा राहिलो. ती माझ्याशी बोलत होती. केतकीमार्फत नाही, थेट माझ्याशी. बोलता बोलता तिचा घसा कोरडा पडला, तेव्हा तिने माझ्या हातातली वाटी हिसकावली, एका घोटात संपवली आणि पुढे चालू केलं.

अब्दुल्लासाहेबांनी घाबरून लिमला विचारलं, "आता हे काय? भांडण?"

"नाही, नाही," लिम समाधानाने म्हणाला. "हे मिटलं."

अब्दुल्लासाहेब बराच वेळ ऐकत राहिले. मग उठले. "खलास. फ्लॅट राहील. पण एक कंडिशन. इथून आवाज आला तर ऑफिसला कळवायचं नाही. आवाज आला नाही, तरच कळवायचं. मिस्टर हॅरिस, तुम्ही वरच राहता, लक्ष ठेवा."

इंग्रज माणूस ड्यूटीला पक्का. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून मी जरा आडवा झालो होतो, विजया निवांत भाजी निवडत होती, तर दारात हॅरिस. काळजीने म्हणाला, "फार शांत वाटतंय. सगळं ठीक आहे ना?"

विजयाने भाजी बाजूला सारली, पदर खोचला आणि माझ्याकडे वळली. तिचा माझ्यावर काही राग नव्हता, पण फ्लॅटचा प्रश्न होता. बायकोची बोलणी सगळेच नवरे खातात, पण घर टिकवायला ती रोज खाल्लीच पाहिजेत, अशी कंपनीची अट असलेला नवरा अख्ख्या आखातात मी एकटाच होतो.