भरीत शिकवणारी बालवाडी

राग मला पटकन येतो, आणि तो गिळायची सवय मी कधी लावून घेतली नाही. म्हणून त्या सकाळी आबा माझ्या बालवाडीच्या दारात उभे राहून कडाडले, तेव्हा मीही हातातलं लाटणं खाली ठेवलं नाही.

"बाई, हाई शाळा शे का भरीतनी हाटेल?"

झालं होतं असं. आबांची चार वर्षांची नात माझ्याकडे येते. आईबाप कामाला सुरतेत, आणि पोर इथे सोनगीरला आजोबांजवळ. शाळेत काय शिकलीस, असं आबांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "भरीत." दुसऱ्या दिवशी विचारलं, तरी भरीतच. शेजाऱ्यांचा नातू इंग्रजी कविता धडाधड म्हणतो आणि आपली नात भरीत शिकते म्हटल्यावर कुणाचंही डोकं फिरेल. आबा तिला कायमची घरी न्यायला आले होते.

आणि मी तिला जाऊ देणार नव्हते. ही पोर आली तेव्हा तोंडातून अक्षर काढत नव्हती. दाराकडे बघत बसायची. तिची आई त्याच दारात तिला सोडून सुरतेच्या गाडीला गेली होती. मी गाणी म्हटली, चित्रं दाखवली, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग थंडी पडली, गावात शेतोशेत भरीत पार्ट्या सुरू झाल्या, आणि मीही वर्गात भरीत मांडलं. हिरव्या मोज्यांत चिंध्या कोंबून वांगी केली. आमच्याकडे भरताचं वांगं हिरवंच, जांभळं केलं असतं तर पोरांनी मला वेड्यात काढलं असतं. भाजायला कपाशीच्या काड्यांऐवजी खराट्याच्या काड्या, आणि वांगी ज्यात ठेचतात त्या लाकडी बडगीऐवजी एक जुनं खोकं. मी लाटण्याने ठेचायला लागले, तर ही उठून आली, लाटणं ओढून घेतलं आणि म्हणाली, "असं नही. जोरमा!"

अहो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! त्या दिवसापासून ती बोलतेय. रोज भरीत ठेचते आणि रोज बोलते.

हे सगळं आबांना दारात उभं राहून कसं सांगणार? मी म्हटलं, "न्यायचं तर न्या आबा, पण आत या. जेवून जा."

"लिखता येस का तिले? मोजता येस का?"

"बसून बघा ना."

ते बसायला तयार नव्हते. तेवढ्यात नातीने त्यांचं धोतर ओढलं. "आबा, खाले बठ. बठ्ठा बठनात." सगळे बसलेत, तूच उभा. आबा मुकाट्याने बसले.

तिने पिंपळाची पानं मांडायला घेतली. प्रत्येक पोरापुढे एक, माझ्यापुढे एक, आबांपुढे एक. कुणाला दोन नाहीत, कुणी सुटलं नाही. याला मी गणित म्हणते, कुणी काहीही म्हणो. मी आबांकडे ऐटीत बघितलं. आणि नेमकं तेव्हाच तिने दाराजवळच्या रिकाम्या जागी आणखी एक पान ठेवलं.

आबांनी मांडीवर थाप मारली. "देखा! एक पान जास्त! काय मोजस ही?"

मी भांडायला तोंड उघडलं, पण ती आधी बोलली.

"जास्त नही शे. ते मम्मीनं शे." मग जरा रागावूनच, "मम्मी बठ्ठासमा नही का?"

सगळ्यांत मम्मी नाही का? माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पोरं मात्र खुशाल मोजे चावत होती. आबा त्या पानाकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्या पानावरचा नसलेला घास उचलला, तोंडात घातला आणि हळूच म्हणाले, "तिखं व्हयनं, बेटा."

"पानी पी," ती म्हणाली आणि रिकामा पेला त्यांच्या हातात दिला. ते प्यायले, उठले आणि नातीला न घेताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सोडायला आबा स्वतः आले. हातात धुऊन पुसलेल्या पळसाच्या पानांचा गठ्ठा होता. तो माझ्यासमोर धरून म्हणाले, "मोजी ल्या, बाई. एक जास्तनं शे."