कार्मीनची बादली

कार्मीनच्या रागाला अख्खं देवबाग टरकून असतं. पण त्या सकाळी ती जशी भडकली, तशी पन्नाशीपर्यंतच्या आयुष्यात कधी भडकली नव्हती.

ही बाई मागच्या पडवीत प्लॅस्टिकच्या टबांत शोभेचे मासे वाढवते. लग्न केलं नाही. आई गेल्यावर धाकट्या भावाला, जॉर्जला, तिनेच वाढवलं. आता तो चाळिशीचा बाप्या, होडीवर जातो, पण एक गोष्ट ऐकेल तर शपथ.

माघाच्या थंडीत पिल्लं गारठून मरू लागली म्हणून तिने हीटर आणला. काचेची नळी ती, प्लॅस्टिकला टेकली तर टब वितळणार. म्हणून टबावर आडवी काठी टाकून हीटर मधोमध बुडवून टांगला, मागे कौलाचा तुकडा उभा केला. पाणी कमी होऊन हीटर उघडा पडू नये म्हणून टबाला लाल रेघ मारली. आणि जॉर्जला बजावलं, पिन काढल्याशिवाय पाण्यात बोटसुद्धा घालायचं नाही. तो म्हणाला, "होय गो बाय."

त्या सकाळी ती पेज ढवळत होती, तोच जळक्या प्लॅस्टिकचा भपकारा आला. धावत पडवीत जाते तर काय, टबात तळाशी वीतभर पाणी, काठी सरकून हीटर टबाला चिकटलेला, काच तडकलेली, आणि हा शहाणा पिल्लं वाचवायला बाही वर करून वाकलेला.

"हात काढ!" तिने ओरडतच बटण बंद केलं, पिन उपटली आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. "पाणी खंय गेला?"

"माडाक घातलंय. तीन बादली," जॉर्ज पाठ चोळत म्हणाला. "इतक्या आरडतंस कित्याक? दुसरे मासे हाडून दितंय."

"मासे? मी माशांसाठी आरडतंय? मेल्या, तुझो हात त्या पाण्यात गेलो असतो तर?"

जॉर्जने बाही खाली ओढली. मग हळूच म्हणाला, "माशांचा पाणी माडाक घाल, ह्या तूच शिकवलंस मां?"

खरं होतं. मासळी धुतलेलं पाणी असो की टबातलं, ते माडाच्या बुंध्यात ओतायचं, हे तिनेच त्याला लहानपणी शिकवलं होतं. हीटर आल्यावर हाताचं बजावलं, बादलीचं मात्र तिच्या डोक्यातच आलं नाही. तिला स्वतःचा असा संताप आला की काही विचारू नका. पण तो काढायचा कुणावर? जॉर्जवरच काढला. दुपारपर्यंत त्याला शिव्या पुरल्या.

आठवड्याने नवा टब आला, नवा हीटर आला. कार्मीनने बादली विजेच्या बोर्डाखाली खिळ्याला टांगली आणि हीटरची वायर तिच्या कडीतून ओवून मगच पिन लावली. आता पिन काढून कडीतून ओढल्याशिवाय बादली सुटणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी जॉर्ज पुटपुटत पिन काढून बादली सोडवत होता. ती पेजेचा डाव घेऊन दारात उभी राहिली.

"आता पंधरा मिनटां थांब. हीटर निवांदे, मगे पाणी काढ."

"बाय, पेज थंड होता."

"होवंदे," ती म्हणाली, आणि पंधरा मिनिटं तिथून हलली नाही.