नानांना कुठलं मशीन द्यायचं

हार्डवेअरच्या दुकानात रोज झाडू मारला की दोन गोष्टी निघतात. सुटे स्क्रू आणि किस्से. स्क्रूंना डबा आहे. किश्शांना नाही, म्हणून ते आमच्या डोक्यात पडून राहतात आणि गिऱ्हाईक नसलं की खडखडतात. लांज्यात गिऱ्हाईक नसणं ही काही विशेष गोष्ट नाही, त्यामुळे खडखडाट बऱ्यापैकी असतो.

दुकान मामाचं. मी ड्रिल, कटर असलं विजेवर चालणारं सामान बघतो. घरात वापरायला कुठलं मशीन घ्यावं, असं विचारत लोक येतात आणि मामा बहुतेकांना घेऊ नका म्हणून सांगतो. असं दुकान चालतं कसं, हे मला विचारू नका. मामाला विचारा. त्यालाही माहीत नाही.

काउंटरवर एक जांभ्याचा चिरा ठेवलाय. ड्रिल घ्यायला आलेल्याने आधी त्या चिऱ्यात होल पाडून बघायचं, हा मामाचा नियम. चिऱ्याला आता इतकी भोकं आहेत की मध्ये कोणीतरी त्यात अगरबत्ती लावून, नमस्कार करून गेलं.

चिऱ्याच्या बाजूला स्टुलावर नाना. नाना म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं सुतारकाम केलं, सगळं हाताने. गेल्या तीन-चार महिन्यांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. गोळ्या चालू आहेत, हातही चालू आहे. बहिणीला सातवा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण आमच्याकडे, आणि त्यासाठी फणसाच्या लाकडाचा पाळणा नानांनी हात बरा होता तेव्हाच जोडून ठेवलाय. घासून गुळगुळीत करायचं तेवढं राहिलंय. पण पडवीत घासायला बसले की वाडीतलं कोणी ना कोणी पाळणा बघायला येतं, आणि पाळणा सोडून हाताकडे बघत राहतं. एक दिवस नानांनी पाळणा आतल्या खोलीत नेला आणि दार लावून घेतलं. आतून पॉलिश पेपरचा आवाज दोन मिनिटं येतो. मग थांबतो.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी ते दुकानात येतात, उजवा हात मांडीखाली दाबून बसतात आणि मशीनं बघतात.

"नाना, कुठलं हवंय?"

"बघतोय."

*

मुंबईहून एक चाकरमानी आला. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून पक्का झालेला. हॅमर ड्रिलच हवा म्हणाला.

मामाने विचारलं, "काय करायचंय?"

"वडिलांचा फोटो लावायचाय."

"एकच?"

"वडील एकच होते."

मामाने समजावलं की घर जांभ्याचं आहे, दगड मऊ, हॅमर लावलात तर भुगा होईल. त्यापेक्षा लाकडाची गट्टी ठोका, तिच्यात खिळा मारा, झालं. तो म्हणाला, "व्हिडिओत काँक्रीटमध्ये जातं." आणि चिऱ्यावर होल न पाडताच ड्रिल घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी भोक बुजवायला काय मिळतं ते विचारायला आला. मूठ जाईल एवढं झालं होतं. बाजूला दुसरं पाडून बघितलं, तेही तसंच. मग तिसरं.

मुंबईला परत जायच्या आदल्या दिवशी काहीतरी दरवाजाएवढं पेपरात गुंडाळून, रिक्षात आडवं घालून दुकानासमोर थांबला. वडिलांचाच फोटो. रत्नागिरीहून मोठा करून आणलेला.

"आता तिन्ही भोकं झाकतात," तो म्हणाला.

"पण लावणार कशावर?"

"लावायचा नाय. खाली उभा करणार, टेकवून."

मामाने विचारलं, "ड्रिल कसा वाटला?"

"ड्रिल चांगलाय."

*

हा किस्सा माझ्यामुळे झाला, हे कबूल करतो.

आमच्याच बाजूच्या गावातला विलास दसऱ्याच्या तोंडावर ड्रिल घेऊन गेला. मी गंमत म्हणून, गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "खंडेनवमीची पूजा झाल्याशिवाय ह्याला वीज दाखवू नका. मोटर बसते." त्याने ड्रिल देव्हाऱ्यात ठेवला. मी विसरून गेलो.

दिवाळीनंतर त्याचा फोन. "अरे, पूजा झाली, पण आई ड्रिल काढू देत नाय."

झालं होतं असं की ड्रिल देव्हाऱ्यात आला त्याच आठवड्यात त्यांची हरवलेली म्हैस परत आली. तेव्हापासून आई रोज त्याला हळदकुंकू लावत होती.

पुढे पौषात आई गेली. दिवस झाल्यावर मी भेटायला गेलो. सगळं खरं सांगून टाकलं, आणि म्हटलं, आता काढा तो ड्रिल.

विलास देव्हाऱ्याकडे बघत म्हणाला, "आता कसा काढू?"

अजूनही भिंतीत काही मारायचं असलं की शेजाऱ्याचा ड्रिल मागून नेतो. स्वतःच्या ड्रिलला जास्वंद.

*

ग्राइंडर घरी वापरायला मामा कोणालाच देत नाही. कोणी फारच हट्टाला पेटलं तर तो काही न बोलता डाव्या हाताचं अर्धं बोट काउंटरवर ठेवतो. गिऱ्हाईक स्क्रू ड्रायव्हर घेऊन जातं.

ते बोट लहानपणी विहिरीच्या रहाटात गेलं. तेव्हा आमच्या गावात वीजच नव्हती.

*

आमच्या शाळेचे निवृत्त गुरुजी. मुलगा अमेरिकेत, पत्नी वारलेल्या, आवारात आंब्याची चार कलमं. झाडू मारून कंबर धरते म्हणून पानं उडवायचा ब्लोअर हवा होता. मामा म्हणाला, "गुरुजी, पानं उडवाल, पण पाठवाल कुठे?"

गुरुजींनी ती शेजारच्या साळव्यांकडे पाठवली. गुरुजी आणि साळवी मधल्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून भांडलेले, अकरा वर्षं बोलणं बंद. दुसऱ्या दिवशी साळवी दुकानात हजर. "त्या माणसाने नेला त्याच्यापेक्षा मोठा दे."

मग रोज सकाळी सातला गुरुजींची पानं गडग्यापलीकडे, सव्वासातला सगळी परत. दोघं आपापल्या आवारात, तोंडाला रुमाल बांधून, एकमेकांकडे न बघता. असं वर्षभर चाललं. मामाला वाटायचं, ह्या दोघांना आपण ब्लोअर विकून पाप केलं.

गेल्या महिन्यात साळव्यांना मुलगा ठाण्याला घेऊन गेला. घराला कुलूप.

आठवड्याने गुरुजी ब्लोअर घेऊन आले. "परत घेता काय?"

"बिघडला काय, गुरुजी?"

"नाय. चांगला चालतो." थोडा वेळ चिऱ्याच्या भोकात बोट घालून उभे राहिले. "पानं आता तिकडेच राहतात."

नाना त्या दिवशी चहा न घेताच घरी गेले.

*

सुमनकाकींचा नवरा मुंबईला कंपनीत. वर्षातून दोनदा येतो, आला की म्हणतो, "घरात काय काय दुरुस्त करायचंय त्याची यादी काढ, मी करतो." चार दिवसांत यादीतलं पहिलं काम अर्धं होतं आणि गाडीची वेळ होते.

काकी एकदा आल्या आणि चार्जिंगचा स्क्रू ड्रायव्हर मागितला. हलका असावा, एका हातात राहावा. मामाने चक्क काढून दिला. म्हणाला, घरात एकच मशीन घ्यायचं तर हेच घ्यावं. काकींनी एका दुपारीत यादी संपवली. कड्या, बिजागऱ्या, मोरीचं दार, सगळं.

गणपतीच्या आधी पुन्हा आल्या. "ह्याला उलटं फिरवायचं बटण असतं ना? मला सापडत नाय."

मी दाखवलं. म्हटलं, "काय काढायचंय?"

"सगळंच," काकी म्हणाल्या. "ते येतायत सोमवारी. काय तरी ढिलं नको काय? नायतर माणूस घरात येऊन करणार काय?"

*

आणि मागच्या बाजाराला नाना आले ते स्टुलावर बसलेच नाहीत.

"सगळी मशीनं काढ," म्हणाले.

मी काउंटरवर ओळीने मांडली. नानांनी चष्मा लावला. उजवा हात खिशात.

"तू धर. मी बघतो."

मी ड्रिल चालू केला, चिऱ्यात घातला. नाना वाकून बघत होते, पण चिऱ्याकडे नाही. माझ्या मनगटाकडे. "बंद कर," म्हणाले. मग लाकूड कापायचं जिगसॉ. "बंद कर." शेवटी सँडर, म्हणजे पॉलिश पेपर लावून घासायचं मशीन. एका फळीवर टेकवलं तसं माझं बोटांपासून कोपरापर्यंत सगळं थरथरायला लागलं.

"चालू ठेव," नाना म्हणाले. "मामाकडे दे."

मामाने धरलं. त्याचं अर्धं बोटही थरथरत होतं, मनगटावरचं घड्याळही.

पुट्टी न्यायला एक धडधाकट माणूस आलेला. नाना त्याला म्हणाले, "अहो, जरा धरता काय?" त्याला वाटलं, दुकानाची स्कीम आहे. त्यानेही धरलं. नाना त्याच्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले.

मी मशीन बंद केलं आणि समजावायला लागलो. "नाना, हे साधं आहे, हादरे फार देतं. ह्याच्यापेक्षा भारी येतं, त्यात हात जरा स्थिर राहतो. ते मागवतो."

"हे कोणीही धरलं तरी असंच?"

"कोणीही धरलं तरी."

मी मामाकडे बघितलं. आता तो घेऊ नका म्हणेल असं वाटलं. त्याने खोका काढला.

नानांनी खिशातून उजवा हात काढला आणि काउंटरवर, सगळ्यांसमोर ठेवला.

"मग हेच बांध," म्हणाले. "आणि उद्या सकाळी लवकर उठ. पाळणा पडवीत आणायचाय."