बांधाच्या तोंडाशी

कोयता मानेवर बसला तेव्हा माझा नवरा कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि त्याचे दोन्ही हात चिखलाच्या गोळ्यात गुंतले होते. त्याला वळताही आलं नाही. मी काठावर पाला तोडत होते. झोळी करून त्याला रस्त्यापर्यंत नेलं. गाडी यायच्या आत तो संपला.

मारणारा ओढ्यापलीकडचा. सुप्याच्या धरणात त्या लोकांची गावं बुडाली तेव्हा सरकारनं त्यांना पलीकडची जमीन दिली. ती माझ्या सासऱ्यानं जंगल साफ करून पिकवलेली, पण आमच्याकडे कागद नव्हता. त्यांच्याकडे कागद होता आणि घर पाण्याखाली. दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं.

तरी बांध आम्ही मिळूनच घालायचो. दिवाळी झाली की ओढ्यात दगड, पाला, चिखल रचून पाणी अडवायचं, त्यावर दोन्ही काठांना उन्हाळी भात. मधलं तोंड शेवटपर्यंत उघडं ठेवतात. दोन्हीकडचे पाट खोदून झाले की एकानं पाण्यात उतरून ते बुजवायचं. नवऱ्यानं त्यांचा पाट पुरा व्हायच्या आत बुजवायला घेतलं, म्हणजे पाणी आधी आमच्याच शेतात आलं असतं. चूक त्याची होती. त्या चुकीला कोयता लागत नव्हता.

कोर्टात माझ्याशिवाय साक्षीला कोणी उभं राहिलं नाही, आणि एकट्या बायकोचा शब्द कोणी धरला नाही. मारणारा सुटून आला आणि समोरच्या काठावर म्हशी धुऊ लागला. बांधाचं एक टोक माझ्या शेतात टेकतं. मी तिथं कोणाला पाय ठेवू दिला नाही. बांध बंद पडला. दोन्हीकडची तरुण माणसं गोव्याला मजुरीला गेली. त्यांची शेतं उन्हाळ्यात भेगाळलेली बघून मला बरं वाटायचं. माझंही शेत तसंच भेगाळलेलं असायचं.

मग एका वर्षी, पावसाळा सरत आला होता तेव्हा, मुलगा रेडिओ बंद करून चुलीपाशी येऊन बसला.

"आये, इस्रायल आन् पॅलेस्टाईनवाल्यांनी हात मिळवले. इतकी वर्षं एकमेकांस्नी मारत हुते. आता मिळून व्यापार करनार म्हनं."

"ज्यांची मानसं मेली त्या बायकांस्नी इचारलं व्हय?"

"त्यांचं मला ठावं न्हाई. तुला इचारतोय. बांध घालूया. दोघांची मिरची, भाजी एकाच टेम्पोतनं रामनगरच्या बाजारला धाडू."

"बापाला मारनाऱ्याच्या मांडीला मांडी लावून जानार?"

"त्याच्या पोराच्या. उपाशी बसन्यापरीस बरं हाय."

मी अट घातली. तोंड मारणाऱ्यानंच बुजवायचं, माझ्याकडे पाठ करून. मी मागं कोयता घेऊन उभी राहणार.

म्हातारीला वेड लागलं, असं पलीकडचे म्हणाले. तो मात्र स्वतः आला. अंगणात पाऊल न टाकता बाहेरच उभा राहिला.

"अक्का, मारशील?"

"तवाचं तवा बघीन."

"पोरांस्नी पानी पायजे," एवढंच बोलून तो गेला.

ठरल्या दिवशी तो पाण्यात उतरला. मी त्याच्या मागं, हात पोचेल एवढ्या अंतरावर. गोळा घ्यायला तो वाकला की मान पुढं यायची. चिखल निसटत होता, तो पुन्हा घ्यायचा. माझा मुलगा पुढं यायला लागला, त्याला मी नजरेनंच थांबवलं.

"सावकाश," मी म्हटलं. "घट्ट बसू दे."

तोंड बुजलं. पाणी चढून दोन्ही पाटांत शिरलं. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मारलं असतं तर तो एकदाच भ्याला असता. मला ते दरवर्षी हवं होतं.

आणि दरवर्षी मिळालं. अट मी कधी सोडली नाही. बांध टिकला, टेम्पो धावला, मुलं एकमेकांच्या लग्नात जेवली. मी जेवले नाही.

पुढं रेडिओवर तिकडच्या बातम्या बिघडल्या, पुन्हा माणसं मरू लागली. मुलाला वाईट वाटलं. मी म्हटलं, वर बसलेल्यांनी हात मिळवले, ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या हाती काय दिलं?

मी माफ केलेलं नाही. त्या बांधापायी माझा नवरा गेला. मारणारा जगला, मी जगले, आणि दोन्ही घरची मुलं जगली.