सेथूचं झाड

सेथू जन्मला तेव्हा बापाने त्याची नाळ बांबूच्या नळकांड्यात घातली आणि गावामागच्या रानात एका उंच झाडाला बांधली. थायलंडच्या डोंगरांतल्या त्या कारेन गावात प्रत्येकाचं असं झाड असे. माणसाचा जीव त्यात राहतो म्हणत, म्हणून तो जिवंत असेपर्यंत झाडाला कुऱ्हाड लागत नसे. माणूस गेला, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणून झाली, की झाड मोकळं. एवढ्यावर ते रान टिकून होतं. पुढे मुलं दवाखान्यात जन्मू लागली, नाळी तिथेच राहिल्या. इकडे म्हातारी माणसं एकेक करून गेली. रान विरत गेलं आणि मोकळ्या जागेत मका आला.

मक्याचा ट्रक वर यावा म्हणून रस्ता काढायचं ठरलं, तर वाटेत नेमकं सेथूचंच झाड. सेथू चिआंग माईत इमारतींच्या कामावर होता. मुखिया नोए, ज्याला सगळं गाव पाती म्हणजे काका म्हणे, सेथूच्या आईला, पॉवाला म्हणाला, "पोरगा आहे तोवर आम्ही हात लावत नाही. पण त्याला विचारून तर बघ. शहरात राहतो, झाड काय करायचंय त्याला?"

"जीव आहे पाती त्याचा त्यात. भाड्याने द्यायचा का?"

त्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी अंड्यांवर बसली होती. आतून दार लिंपून घेतलेलं, चोच जाईल एवढीच फट. नर दिवसभर उंबरं आणून भरवायचा. त्याचे पंख आगगाडीसारखे वाजत. लहानपणी तो आवाज आला की सेथू हातातलं टाकून धावायचा, "माझा पक्षी आला!"

रान जाळण्याच्या दिवसांत, सगळा डोंगर धुरात असताना पॉवाचा धाकटा भाऊ कामो शहरातून आला. खांद्यावर दोन झोळ्या होत्या. एक त्याची, दुसरी पॉवाने सेथूसाठी विणलेली. पॉवा चुलीपुढे होती. झोळी पाहिली आणि तिने फुंकणी खाली ठेवली.

"परांचीवरून पडला, वे," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला ते वे म्हणतात. "मला कळेपर्यंत तिथल्याच बौद्ध देवळात दहनही करून झालं होतं."

पॉवाने झोळी मांडीवर घेतली. भात करपल्याचा वास येऊ लागला तेव्हा म्हणाली, "वाटेत कुणाला सांगितलंस?"

"आधी तुझ्याकडेच आलो."

"मग कुणाला सांगू नकोस. पक्षीण बाहेर येईपर्यंत."

"वेड लागलं का तुला? पोराची गाणी नाही म्हणायची? जीव भटकेल त्याचा!"

"भटकून झाडावरच येईल ना? झाड नसलं तर कुठे येईल?"

मागावर सेथूचा लाल सदरा अर्धा विणून झाला होता. ती तो विणत राहिली. थांबली असती तर शेजारणीने विचारलं असतं. शेजारीण मूपॉ तशीही विचारायचीच. पॉवाला ती मूगा म्हणजे मावशी म्हणे. "मूगा, सेथूचा फोन नाही आला हल्ली? शहरात पोरगी मिळाली वाटतं!"

"मिळाली असेल."

"गोरी असेल हो! तुझ्या हातची मिरचीची चटणी खाईल का ती?"

"शिकेल हळूहळू," पॉवा म्हणाली आणि हसलीसुद्धा. मग मूपॉ गेल्यावर सदऱ्याच्या तेवढ्या ओळी उसवाव्या लागल्या. सगळ्या चुकल्या होत्या.

पहिल्या वळवाआधी ढोलीचं लिंपण फुटलं. मादी बाहेर आली आणि काही दिवसांनी पिल्लूही समोरच्या फांदीपर्यंत धडपडत उडालं. पॉवा तिथूनच पातीच्या घरी गेली. त्याला सगळं सांगितलं.

"आणि आम्ही तुझी चेष्टा करत होतो," तो म्हणाला.

"केलीत म्हणून तर निभावलं."

गाणी झाली. देह नव्हता म्हणून मधोमध लाल सदरा ठेवला आणि त्याभोवती फेर धरला. मूपॉ सगळ्यांत मोठ्याने रडली. पॉवाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

नंतर करवत आली. पॉवाने एकच मागितलं, ढोलीचा तुकडा. पातीने स्वतः उभं राहून तो अख्खा काढवून घेतला. माणसांनी दोर लावून तो शेजारच्या झाडावर चढवला. ते पॉवाचं होतं.

"हे इतक्यात मोकळं होत नाही," ती म्हणाली.

"खोकला बघ तुझा," कामो म्हणाला.

"मरायला सवड कुठे आहे आता?"

थंडीत ती पाणी आणायला निघाली होती. डोक्यावर पंख वाजले. नर एकटाच आला होता. रस्त्यावर, जिथे आता काहीच नव्हतं, तिथे घिरट्या घालत राहिला. तिच्या झाडावरची ढोली त्याला दिसली की नाही, कळलं नाही. ट्रक आला तसा तो डोंगरापलीकडे गेला.

"सेथू," ती म्हणाली, "तुझा पक्षी आला रे."

मग घागर बाजूला ठेवून ती रस्त्याच्या कडेला बसली आणि रडू लागली. ट्रकवाल्याला वाटलं, हिला काही लागलं.